पसंतीचा पहिला क्रम

राज्याच्या सामायिक प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला, कीं महाराष्ट्रांतील सहस्रावधि घरांत एकच खल सुरू होतो: मुलानें वा मुलीनें कोणत्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत जावें, आणि शाखा कोणती घ्यावी? कोणी म्हणतो, महाविद्यालय नांवाजलेलें असलें म्हणजे शाखा कोणतीहि चालेल. दुसरा म्हणतो, शाखा संगणकाची मिळाली म्हणजे गांव कोणतेंहि चालेल. गतवर्षींच्या पर्सेंटाइलचे आणि वेतनाचे आंकडे तोलले जातात. परंतु व्यवहाराच्या या प्रश्नाआड नीतीचाहि एक प्रश्न उभा आहे. तो असा, कीं हा क्रम लावण्याचा अधिकार कोणाचा?

एके काळीं निवडीस फारसा वावच नव्हता. पुण्यास १८५४ सालीं या शिक्षणाचा आरंभ झाला. आज वीरमाता जिजाबाईंचें नांव धारण करणारी मुंबईची संस्था १८८७ सालची, सांगलीचें महाविद्यालय १९४७ सालचें, कऱ्हाडचें १९६० सालचें. अशा मोजक्या ठिकाणीं जागा मिळणें हेंच भाग्य. १९८३ सालीं विनाअनुदानित महाविद्यालयांस वाट मोकळी झाली, आणि पर्याय शेंकड्यांनीं वाढले. पर्यायांबरोबर निवडणाराची जबाबदारीहि वाढली.

आईबापांचा पक्ष दुबळा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. शुल्क भरावयाचें त्यांनीं, प्रसंगीं कर्जाच्या कागदावर सही करावयाची तीहि त्यांनींच. शिवाय अठरा वर्षांच्या मुलास यंत्र, विद्युत् आणि स्थापत्य या शाखांतील भेद तो काय ठाऊक असणार? तो जिला आवड म्हणतो ती पुष्कळदां मित्राची नक्कलच असते. हें सर्व खरें. परंतु यावरून मुलास माहिती द्यावी, एवढेंच निष्पन्न होतें. अज्ञान हें शिकविण्याचें कारण आहे, हक्क काढून घेण्याचें नव्हे. आणि भविष्याविषयीं वडिलांचें ज्ञान तरी कितीसें असतें? विश्वेश्वरय्या पुण्यास शिकले तेव्हां स्थापत्य हीच मानाची विद्या होती. त्यांनीं योजलेले स्वयंचलित दरवाजे १९०३ सालीं खडकवासल्याच्या धरणास बसले. आज पुष्कळ घरांत त्याच शाखेचें नांव यादींत खालीं ढकललें जातें. मान असा फिरतो. त्याच्या भरंवशावर दुसऱ्याचें आयुष्य बांधणें हें धाडसच होय.

म्हणून आमच्या मतें ज्यास चार वर्षें त्या प्रयोगशाळेंत उभें राहावयाचें आहे, आणि चूक झाल्यास तिचें ओझें वाहावयाचें आहे, त्यानेंच क्रम लावावा. लादलेल्या निवडींत अपयश आलें तर दोष देण्यास माणूस सांपडतो, आणि यश आलें तरी तें आपलें वाटत नाहीं.

याचा अर्थ आईबापांनीं अलिप्त बसावें असा नाहीं. आपणांस किती शुल्क झेपेल, याचा आंकडा त्यांनीं आरंभींच मोकळेपणानें सांगावा. ती प्रामाणिक मर्यादा आहे, व ती जाणण्याइतकें शहाणपण मुलांस असतें. महाविद्यालय समक्ष दाखवावें, तेथें शिकणाऱ्यांशीं गांठ घालून द्यावी. मात्र चार लोकांत सांगावयास बरें दिसेल म्हणून एखादें नांव वर चढवावयाचें, आणि त्यास ऐपतीचें कारण द्यावयाचें, हा अप्रामाणिकपणा होय. मुलें तो तेव्हांच ओळखतात.

केंद्रीय प्रवेशप्रक्रियेंतील एक नियम येथें विचार करण्याजोगा आहे. पहिल्या फेरींत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली, तर उमेदवारास पुढील फेऱ्यांत दुसऱ्या जागेची वाट पाहतां येत नाहीं. त्यानें जें प्रथम मागितलें तेंच त्यास हवें आहे, असें शासन धरून चालतें. तें खरें ठरावयाचें, तर अर्जावरील पहिली ओळ त्याच्याच मनांतून उतरलेली असली पाहिजे. आणि ती लिहितांना वडिलांनीं हात न धरतां जवळ बसावें, यांतच त्यांचें वडीलपण आहे.