वाफसा

पाऊस पडून गेला की आजोबा बांधावर वहाणा काढून अनवाणी रानात शिरत. चार पावलांवर वाकून मूठभर माती उचलायची, मुठीत आवळायची आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडून द्यायची. गोळा फुटून भुगा झाला, तर रान वाफशावर आलं. थापकन पडून तसाच राहिला, तर बैल दावणीला आणि माणसं ओसरीवर. पावसाळ्यात ही परीक्षा आम्ही पोरंही खेळ म्हणून करायचो. पौषात मात्र ती करताना मी त्यांना एकदाच पाहिलं. गोळा फुटला नाही. ते हात न झटकताच घरी आले, ओसरीवर बसले आणि वाळत आलेला चिखल बोटांवरून नखानं सोलत राहिले. कांद्याचं रोप उपटून तयार होतं, लावायला बायका सांगून ठेवल्या होत्या, आणि आजोबा दुपारपर्यंत कुणाशी बोलले नाहीत.

‘वाफसा’ हा शब्द मला मराठीतल्या फार नेमक्या शब्दांपैकी वाटतो. शहरात तो कुणाला कळत नाही आणि गावात त्यावाचून चालत नाही. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत पाणीही हवं आणि हवाही. दोन्हींचा मेळ बसला की मुळी श्वास घेते, कुळवाची पास नीट चालते, पेरलेलं बी उगवतं. आमची काळी माती या बाबतीत हट्टी आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, वाळली की आक्रसते आणि पाय जाईल एवढ्या भेगा पाडते. भिजली की जोड्याला शेरभर चिकटते. जूनची तापलेली जमीन पहिला पाऊस घटाघटा पिऊन टाकते आणि पुन्हा मागते. डिसेंबरात दिवस आखूड, ऊन तिरपं, आणि रात्री वरून दहिवर पडतं. त्यामुळे तेवढ्याच पावसाची ओल हलता हलत नाही.

खरं म्हणजे आपल्या रब्बीची सगळी मदार पावसावर नाही, पावसाच्या ओलीवर आहे. सोलापूर, नगर, बीडकडची कोरडवाहू ज्वारी भाद्रपद-आश्विनात पेरतात. हस्ताचा पाऊस जमिनीत मुरलेला असतो आणि पुढचे चार महिने ते पीक त्या साठवणीवर जगतं. मोहोळच्या केंद्रात निवडलेली मालदांडी ३५-१ इतकी वर्षं टिकली, कारण कमी ओलीत निभावून नेण्याची तिची तयारी आहे. या हिशेबात थंडी कोरडीच असायची, असं गृहीत धरलेलं आहे. कोरड्या रानातच हुरड्याच्या आगट्या पेटतात. लातूर-धाराशिवकडची येळवसही, मार्गशीर्ष अमावास्येला सगळं घरदार रानात जाऊन कडब्याच्या कोपीत पांडव मांडतं, भज्जी आणि आंबील जेवतं, ती कोरड्या जमिनीवर बसूनच.

पंचांगही हेच सांगतं. मृगापासून स्वातीपर्यंत प्रत्येक पावसाच्या नक्षत्राला वाहन नेमून दिलेलं आहे: कुणाला हत्ती, कुणाला बेडूक, कुणाला गाढव. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात स्वाती संपते आणि वाहनं संपतात. त्यानंतर येणाऱ्या पावसाला नाव नाही, वाहन नाही. तो पायीच येतो. आपण त्याला ‘अवकाळी’ म्हणून मोकळे होतो. शेजारच्या भाषा मात्र तेवढ्यावर थांबत नाहीत. राजस्थानात हिवाळी पावसाला ‘मावठ’ म्हणतात, त्याचं मूळ माघातल्या वृष्टीशी जोडतात, आणि तो गहू-मोहरीवर सोनं शिंपतो असं मानतात. सीमा ओलांडून गुजरातेत आलं की तोच शब्द ‘मावठुं’ होतो, आणि ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी पडते. पाणी तेच, कुठं वाट पाहतात आणि कुठं पाहत नाहीत, एवढाच फरक.

वराहमिहिराच्या बृहत्संहितेत गर्भलक्षणाचा एक अध्याय आहे. सहाव्या शतकातली ही कल्पना अशी, की पुढच्या पावसाळ्याचा गर्भ मार्गशीर्ष-पौषाच्या आभाळात धरला जातो. ढग, वारा, सूर्य-चंद्राभोवतालची खळी या खुणांवरून तो ओळखायचा, आणि १९५ दिवसांनी त्याचा प्रसव मोजायचा. त्या गर्भकाळात विनाकारण फार पाऊस पडला तर गर्भच नष्ट होतो, असंही तो सांगतो. हवामानशास्त्र म्हणून हे आज कुणी धरून बसणार नाही, मीही नाही. पण हिवाळ्यातलं आभाळ काही सांडण्यासाठी नसून धरून ठेवण्यासाठी आहे, ही समजूत मला आजोबांच्या त्या दुपारच्या मौनाच्या जवळची वाटते.

तरी एक कबूल केलं पाहिजे. अवकाळी म्हटलं की आपण सरसकट रडतो, ते खरं नाही. हस्त कोरडा गेलेल्या वर्षी पोटरीतल्या ज्वारीवर मार्गशीर्षात एक सर आली, तर कोरडवाहूवाला मनातल्या मनात नारळ फोडतो. बांधाच्या पलीकडे द्राक्षबाग असेल तर तो हे बोलून दाखवत नाही, एवढंच. माझ्या ओळखीच्या दोन सख्ख्या भावांत अशा सरीनंतर आठवडाभर अबोला होता. एकानं दुसऱ्यासमोर ‘बरं झालं’ म्हटलं होतं. तीच सर महिना-दीड महिना उशिरा, दाणा भरल्यावर आली, तर मात्र ज्वारीवालाही वाचत नाही. ताटं आडवी होतात, मोत्यासारखा दाणा काळा पडतो आणि कापून टाकलेला कडबा भिजून बुरशीनं काळवंडतो. बाजारात काळ्या ज्वारीला भाव पडून मिळतो. काळा कडबा गाय हुंगते आणि तोंड फिरवते. वैरणीचा हा तोटा हिशेबात फारसा कुणी लिहीत नाही. उन्हाळ्यात दावणीवर तो दिसतो.

आणि नुकसानाला पाऊसच लागतो असं कुठं आहे? नुसतं आभाळ आलं तरी पुरतं. चार दिवस मळभ राहिलं की ज्वारीवर मावा वाढतो आणि पानं चिकट्यानं चकाकू लागतात. कांद्याच्या पातीवर करपा उतरतो. हरभऱ्यात घाटेअळी. कोकणात आंब्याच्या मोहोरावर तुडतुडे. पर्जन्यमापकात या सगळ्याची नोंद शून्य मिलिमीटर. सरकारी भाषेत चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पडला की अतिवृष्टी, आणि ३३ टक्क्यांच्या वर पीक गेलं की मदत. मापाला कुठं तरी रेघ हवीच, हे मला पटतं. पण पावसाळ्यात ज्या दहा मिलिमीटरकडे कुणी ढुंकून पाहत नाही, ते फुलोऱ्यातल्या द्राक्षावर पडले तर वर्ष घेऊन जातात. पाऊस किती पडला यापेक्षा तो कशावर पडला, हे मोजायचं माप आपण अजून घडवलेलं नाही.

द्राक्षाची गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे. निफाड, दिंडोरीकडे ऑक्टोबराच्या आगेमागे गोडी छाटणी होते आणि नोव्हेंबर-डिसेंबरात घड फुलोऱ्यात किंवा मणी धरण्यात असतात. तेव्हा पाऊस झाला की पानावर आधी तेलकट डाग दिसतो. पान उलटून पाहावं तर खाली पांढरी लव. हा डाऊनी. त्याचे बीजाणू पानावरच्या पाण्याच्या पापुद्र्यात अक्षरशः पोहतात. पान कोरडं असेल तर त्यांना जाता येत नाही. हा रोग मूळचा अमेरिकेतला. १८७८ च्या सुमारास तो फ्रान्समध्ये पोचला. तिथं बोर्दोजवळ रस्त्याकडेच्या वेलींवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून, मोरचूद आणि चुना शिंपडत. पिएर मिलार्दे या वनस्पतीशास्त्रज्ञानं १८८२ मध्ये पाहिलं की तेवढ्याच वेली हिरव्या राहिल्यात. तीन वर्षांनी त्यानं ते मिश्रण प्रसिद्ध केलं. आज नाशिकचा शेतकरी ‘बोर्डो मारला का?’ असं विचारतो तेव्हा त्याला बोर्दो कुठं आहे हे ठाऊक असायची गरज नसते. गंमत अशी, की त्याची बाग ज्या डॉगरिज खुंटावर उभी असते, तोही अमेरिकेचाच. रोग, खुंट, औषध, तिन्ही परदेशी. चिखल तेवढा आपला.

आणि गाडं त्या चिखलातच अडतं. औषध कोणतं हे माहीत असतं, टाकी भरलेली असते, ट्रॅक्टरला ब्लोअर जोडलेला असतो. रानाला वाफसा नसतो. दोन ओळींमधून ट्रॅक्टर घातला तर चाकं रुततात, माती दबते आणि वेलीची पांढरी मुळी गुदमरते. नाही घातला तर सकाळपर्यंत डाऊनी घडात जातो. फवारणी ज्या दिवशी सगळ्यात निकडीची, नेमक्या त्याच दिवशी रान पाय ठेवू देत नाही. मग पाठीवर पंप बांधून माणसं शिरतात, गुडघ्यापर्यंत चिखल, अंगावर औषधाचा तुषार. एवढं करून वाचलेल्या बागेत पुढं साखर भरताना पुन्हा पाऊस आला, तर मणी तडकतात. तडकलेल्या मण्यांच्या बागेत शिरलं की आंबट वास येतो. माश्या घोंघावतात. त्या बागेत मालकाबरोबर चालताना काय बोलावं ते सुचत नाही.

पीक निदान जागेवर असतं. जनावराला जागाच नसते, तेव्हाची गोष्ट वेगळी. डिसेंबर २०२१ च्या १ आणि २ तारखेला जुन्नर, आंबेगाव, पारनेर, संगमनेर या पट्ट्यात पाऊस आणि गार वारा एकत्र आले आणि शेकडो मेंढ्या गारठून मेल्या. बातमीत ‘थंडीनं’ असं छापून आलं. पण मेंढी नुसत्या थंडीनं मरत नाही. तिच्या लोकरीत अडकलेली हवा हेच तिचं पांघरूण. लोकर भिजली की ती हवा जाते, वारा थेट कातडीला भिडतो. पोटात चारा असेल तर तो पचताना ऊब देतो, पण पावसात मेंढी चरत नाही, माना खाली घालून एकमेकींना खेटून उभी राहते. दुसऱ्या पहाटे ती उठत नाही. गंमत म्हणू की क्रूरपणा, दख्खनी मेंढीची हीच लोकर कातरून, चिंचोक्याची खळ लावून घोंगडी विणली की तिच्यावरून पाणी ओघळून जातं. मेंढपाळ तीच डोक्यावर घेऊन कळपाजवळ उभा असतो.

त्या दोन दिवसांनंतर मी पारनेरच्या बाजूला गेलो होतो. मेंढपाळांच्या एका वाड्यावर कोकरं डालग्याखाली झाकलेली, वर ताडपत्री, बाजूला विझलेली चूल; भिजलेल्या काट्या पेटत नव्हत्या. वाघूर, कळपाभोवतीची जाळी, अजून रोवलेलीच होती, आत निम्मी जागा रिकामी. एरवी शेतकरी खतासाठी मेंढ्या रानात बसवून घ्यायला आर्जवं करतात, बदल्यात धान्य देतात, पैसे देतात. ओल्या रानात कोण बसवून घेईल? खुरांनी माती दबते, पीक असेल तर तुडवलं जातं. तेव्हा कळप ना कुणाच्या रानात, ना वाटेला, चिखलात उभा. वाड्यावरच्या बाईला मी, काही तरी बोलायचं म्हणून, आता कुठं जाणार असं विचारलं. ती म्हणाली, “रान सुकू द्या की दादा. मग बघू.” तिनं तोच शब्द वापरला नाही, पण ती वाफशाचीच वाट पाहत होती.

परतताना बांधाला हरभरा लागला. आमची आजी थंडीत भल्या पहाटे धुतलेलं धडपं हरभऱ्यावरून ओढायची आणि ते वाटीत पिळून घ्यायची. ती आंब. पानांवरच्या बारीक लवेतून स्रवणारं आम्ल दहिवरात उतरतं. पोट दुखलं की चमचाभर. पाऊस झाला की ती धुऊन जाते, आणि आजी धडपं खुंटीला अडकवून ठेवायची. मी एक पान खुडून चाखलं. नुसत्या पाल्याची चव होती. घाटे अजून भरायचे होते, एका घाट्याला बारीक भोक दिसलं. पश्चिमेला आभाळ फुटून थोडं ऊन आलं होतं. मी आणखी एक पान, जरा शेंड्याकडचं, खुडलं.