बिनकामाची बंदूक

1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि देशभरातल्या शिकारी बंदुका बेकार होत गेल्या. हत्तीच्या हौद्यातून वाघावर झाडायच्या दुनळी रायफली, गव्यासाठी घडवलेली जाड गोळीची हत्यारं, लंडनच्या पर्डी किंवा हॉलंड अँड हॉलंडकडून मालकाच्या मापानं करवून घेतलेल्या बंदुका, या सगळ्यांचं काम संपलं. वाघ आता मारायचा नव्हता, राखायचा होता. त्या कायद्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. पण काम संपलं म्हणून लोकांनी त्या बंदुका मोडीत काढल्या नाहीत. संस्थानिकांच्या वाड्यांत, जमीनदारांकडे, निवृत्त फौजींच्या घरांत त्या राहिल्या. त्यांचं काडतूस सहसा मिळत नाही, मिळालंच तर परवडत नाही. तरीही त्यांचा परवाना वेळच्या वेळी नूतनीकरणाला जातो. निवडणूक लागली की पोलिसांच्या आदेशानुसार ठाण्यात जमा करायची, पावती जपून ठेवायची, निकालानंतर पुन्हा घरी आणायची. कधीही न उडणाऱ्या बंदुकीसाठी माणसं इतकी यातायात का करतात?

‘हौस’ असं म्हणून हा प्रश्न झटकता येतो. पण हौस फार तर एका पिढीला पुरते. मुलगा आणि नातू जेव्हा तीच वस्तू तितक्याच निगुतीनं सांभाळतात तेव्हा कारण अधिक खोल असलं पाहिजे.

एक कारण आहे कारागिरीचं. जुन्या शस्त्रांच्या संग्रहांत कट्यार आणि पिस्तूल यांचं जोडहत्यार दिसतं. मधे कट्यारीचं पातं आणि त्याच्या दोन्ही अंगांना दोन छोट्या नळ्या. लढाईत त्याचा उपयोग जेमतेमच होता. नळ्यांच्या वजनानं कट्यारीची चपळाई जाते, आणि कट्यारीच्या मुठीतून पिस्तुलाचा नेम धरता येत नाही. ज्या लोहारानं ते घडवलं त्याला हे कळत नव्हतं असं मानायला मी तयार नाही. दोन विद्या एका मुठीत आणून दाखवायच्या, हा त्याचा ध्यास होता. आपल्याकडच्या तोड्याच्या बंदुकाही अशाच. युरोपात चकमकीची बंदूक रुळल्यावरही हिंदुस्थानात तोड्याची बंदूक एकोणिसाव्या शतकापर्यंत टिकली, कारण तिचा तोडा कुठल्याही गावात वळता येई आणि तिची यंत्रणा गावचा लोहार दुरुस्त करू शके. आज ती कोणी चालवणार नाही. पण नळीवरचं नक्षीकाम आणि दस्त्यातलं हस्तिदंत पाहिलं की जाणवतं, की हे काम उरकण्यासाठी केलेलं नव्हतं. अशी वस्तू जपणारा माणूस तिच्या नेमापेक्षा तिच्या घडणीवर जीव लावून असतो.

कोकणातल्या ठासणीच्या बंदुकीची गोष्ट वेगळी. तिच्यावर नक्षी नाही, हस्तिदंत नाही. ती शेती राखायला घेतलेली. भात, काजू, नारळ यांवर येणाऱ्या रानडुकरांना आणि वानरांना हाकलायला तिचा परवाना मिळे. तिचा बार भरणं हे सावकाशीचं काम. नळीच्या तोंडातून मोजून दारू ओतायची, तिच्यावर चिंधीचा बोळा गजानं ठासायचा, मग छर्रे, पुन्हा बोळा, पुन्हा ठासणं. शेवटी घोड्याखाली केप बसवायची. एवढं करून मिळतो एकच बार, आणि दारू सादळलेली असली तर तोही फुसका. दुसरा भरेपर्यंत डुकरं शेजारच्याच्या वाफ्यात. आता बॅटरीच्या झोतांनी आणि सौरकुंपणांनी ते काम पुष्कळ ठिकाणी आपल्याकडे घेतलं आहे. पण ज्या माणसानं आजोबांच्या शेजारी माचाणावर रात्र काढली, दारू किती ओतायची हे ज्याला त्यांच्या मुठीवरून शिकायला मिळालं, त्याच्यासाठी ती बंदूक म्हणजे एका विद्येचा शेवटचा पुरावा असतो. बंदूक गेली तर ती विद्या होती हेही कोणाला कळणार नाही.

तरीही सगळ्यांत मोठं कारण मला मानाचं वाटतं, आणि या मानाची मुळं आपल्या राजकीय इतिहासात आहेत. 1857 नंतर इंग्रजांनी जनतेची शस्त्रं काढून घ्यायला सुरुवात केली. 1878 साली लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा झाला. हिंदी माणसाला परवाना लागे, युरोपियनाला त्यातून सूट होती. ज्या हिंदी माणसांना ही सूट किंवा परवाना मिळे ते सरकारच्या मर्जीतले ठरत. जी गोष्ट शेतकऱ्याच्या आणि शिलेदाराच्या घरात सहज होती, ती वरून मिळणारी मेहेरबानी झाली. गोळीच्या मापातसुद्धा हा अविश्वास उतरला. लष्कराची रायफल 303 बोअरची, म्हणून ते काडतूस लोकांना मना. लोकांसाठी निराळं माप आलं, 315 बोअर. स्वतंत्र भारतात इशापूरच्या सरकारी कारखान्यात बनलेली स्पोर्टिंग रायफलही त्याच मापाची राहिली. म्हणजे लष्कराचं काडतूस नागरिकाच्या बंदुकीत चालू नये, हा राज्यकर्त्यांचा हेतूच त्या मापात कायम झाला.

हा अपमान किती झोंबला होता याची साक्ष अहिंसेच्या सर्वांत मोठ्या उपासकाकडून मिळते. 1930 साली गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विन यांच्यापुढे जे अकरा मुद्दे ठेवले, त्यांत दारूबंदी आणि मिठावरचा कर रद्द करणं यांच्याबरोबर, स्वसंरक्षणासाठी लोकांच्या नियंत्रणाखाली शस्त्रपरवाने मिळावेत ही मागणीही होती. बंदूक हाती घेण्यावर गांधीजींचा विश्वास नव्हता. पण शस्त्र टाकणं ही ज्याची त्याची निवड असली पाहिजे, हिसकावून घेतल्यामुळे आलेली अहिंसा त्यांना नको होती. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. परवाना असलेली जुनी बंदूक घरात न वापरता ठेवणारा माणूस नकळत तेच करत असतो. त्याच्या हाती शस्त्र आहे आणि ते न चालवणं हे त्यानं स्वतः ठरवलेलं आहे.

कर्नाटकातल्या कोडगूत हा मान सणाच्या रूपात दिसतो. कोडवा समाजाला 1861 पासून शस्त्र परवान्यातून सूट आहे आणि ती आजही चालू आहे. भाताची लावणी उरकली की सप्टेंबरच्या सुरुवातीला कैलपोळ्द हा सण येतो. घरातल्या बंदुका आणि पात्याची हत्यारं पुसूनपासून देवघरात मांडतात, आणि बंदुकीच्या नळीच्या तोंडात एक फूल खोचतात. ते फूल म्हणजे आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात फुलणारी कळलावी. तिकडे तिच्या नावातच बंदूक आहे. घरात मूल जन्मलं, माणूस गेलं, पुत्तरी या सुगीच्या सणाला भाताची पहिली पेंढी कापली, की बार काढायचा. या घरांत बंदूक जन्म, मृत्यू आणि सुगी यांची ग्वाही देते. अर्थात ही सूटही इंग्रजांनी निष्ठेचं बक्षीस म्हणून दिली होती, हे विसरून चालणार नाही. मान टिकला, पण तो कोणाच्या हातून आणि कशाच्या मोबदल्यात मिळाला हेही त्या बंदुकीच्या इतिहासात धरलं पाहिजे.

इथे एक रास्त आक्षेप येतो. बंदूक ही पितळी समई नव्हे. ती माणूस मारायला बनवलेली वस्तू आहे, आणि घरात आहे तोवर रागाच्या किंवा निराशेच्या एखाद्या क्षणी ती कोणाच्याही हाती लागू शकते. उत्तरेत लग्नाच्या वरातींत उडवलेल्या बारांनी माणसं मेली आहेत. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनं अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली ती योग्यच. त्याच दुरुस्तीत एका माणसानं किती बंदुका ठेवाव्यात यावर चर्चा झाली. आधी तीन चालत. विधेयकात एकच ठेवायचं म्हटलं होतं, पण वाडवडिलांच्या बंदुकांचा प्रश्न पुढे आला आणि शेवटी संख्या दोनवर ठरली. सुरक्षिततेची काळजी आणि वारशाची ओढ यांत संसदेला मधला मार्ग काढावा लागला, आणि मला तो समंजस वाटतो.

या आक्षेपामुळेच मला बिनकामाची बंदूक जास्त प्रामाणिक वाटते. कमरेला नवं रिव्हॉल्व्हर लावून हिंडणारा माणूस ‘स्वसंरक्षण’ म्हणतो, तेव्हा पुष्कळदा त्याला चारचौघांत आपली भीती बसवायची असते. मान त्यालाही हवा असतो, पण तो दुसऱ्याच्या धाकातून. काडतुसाशिवायची जुनी दुनळी ठेवणाऱ्याला हा मार्गच बंद आहे. तिला कोणी भीत नाही. तिच्याकडून मिळणारा मान सांभाळण्याचाच असू शकतो: वेळेवर तेलपाणी, कुलूपबंद कपाट, चोख कागदपत्रं, आणि पुढच्या पिढीला सांगायची हकीकत.

ती हकीकत मात्र पुरी सांगितली पाहिजे. आजोबांचा नेम सांगायचा, तसं त्यांनी किती वाघ मारले आणि त्या जंगलात आज किती उरले हेही सांगायचं. परवाना कोणत्या साहेबाच्या मर्जीनं मिळाला, गावातल्या कोणाला तो कधीच मिळाला नसता, हेही सांगायचं. जी बंदूक ठेवणाऱ्याला हे सांगता येत नाही, ती भिंतीवरची नुसती बढाई आहे. आणि ज्या घरात ती नीट सांभाळायला कोणी उरलेलं नाही, त्यांनी ती रीतसर कागद करून संग्रहालयाला द्यावी. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी जुनी शस्त्रं समया आणि अडकित्त्यांच्या शेजारी राहतात, आणि तिथे ती लोकजीवनाचा भाग म्हणून पाहता येतात.

हत्याराचं काम संपणं ही कुठल्याही समाजासाठी चांगली बातमी असते. काम संपलेलं हत्यार जपण्यात मला गैर दिसत नाही, उलट ते जपायलाच हवं. कारण एके काळी आपण कशाला भीत होतो, कशाचा अभिमान धरत होतो आणि काय सोडून द्यायला शिकलो, याचा इतका नेमका दाखला दुसऱ्या फार थोड्या वस्तू देतात.