कॅसेटवरचे नव्व्याण्णव लाख



आज जे पस्तीस-चाळिशीत आहेत, त्यांना ‘टीव्ही गेम’ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचे घरगुती खेळयंत्र बाजारात आणले. आपल्याकडे १९९० च्या दशकात आणि पुढेही काही वर्षे घरोघरी दिसले ते बहुतेक त्याची नक्कल केलेले स्वस्त यंत्र. टीव्हीला वायर जोडायची, वर पिवळी कॅसेट खोचायची, चालली नाही तर काढून फुंकर मारायची आणि पुन्हा लावायची. मारिओ, काँट्रा, बदकांची शिकार. यातल्या बहुतेक खेळांत कुठवर आलो हे जपून ठेवायची सोय नव्हती. लाइन गेली की सातव्या टप्प्यावरचा मारिओ पुन्हा पहिल्या टप्प्यावर. नांदगावसारख्या गावात, भारनियमनाच्या त्या दिवसांत, हे दुःख कोणाला वेगळे सांगायला नको.

यंत्राची नक्कल करणे योग्य की अयोग्य, हा वेगळा प्रश्न आहे. आज आपण विचार करू तो कॅसेटच्या कव्हरावरील आकड्याचा.

त्या काळच्या पुष्कळ कॅसेटींवर मोठ्या अक्षरांत छापलेले असे : ‘९९९९ इन १’. काहींवर तर ‘९९९९९९९ इन १’. म्हणजे एका कॅसेटमध्ये नव्व्याण्णव लाख नव्व्याण्णव हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ! प्रत्यक्षात आत मोजके खेळ असत. कधी पाच-सहा, कधी थोडे अधिक. यादी मात्र लांबच लांब. तोच मारिओ पहिल्या क्रमांकावर, तोच पुढे दुसऱ्या टप्प्यापासून सुरू होणारा, तोच आणखी पुढे नाव बदललेला. दोन-तीन दिवसांत पोरांना हे कळे. मग ती हसत आणि खेळत राहत.

आता प्रश्न असा की, हे खोटे होते का?

पहिले उत्तर सोपे वाटते. जे कोणालाच खरे वाटत नाही, ते खोटे कसे? संत ऑगस्टीन यांनी इ. स. ३९५ च्या सुमारास असत्यावर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी असत्याचे आठ प्रकार सांगितले, परंतु थट्टेला त्यात धरले नाही. थट्टा करणाऱ्याच्या सुरावरूनच कळते की त्याला फसवायचे नाही. मग नव्व्याण्णव लाखांचा आकडाही थट्टाच म्हणायची का?

थट्टेची एक साधी परीक्षा आहे. थट्टेत दोघेही हसतात, आणि तीही त्याच वेळी. कॅसेट घेणारा हसला तो घरी गेल्यावर, पैसे देऊन झाल्यावर. शिवाय या आकड्याने कोणी फसत नसेल, तर तो छापायचा कशाला? ‘६ इन १’ लिहूनही तेवढाच खप झाला असता, तर छापणाऱ्याने सहाच लिहिले असते. अर्थात तो आकडा कोणासाठी तरी होता. कोणासाठी? ज्याच्याकडे आधीच तीन कॅसेटी आहेत त्याच्यासाठी नव्हे. दिवाळीला मिळालेले पैसे साठवून, वडिलांबरोबर अमरावतीच्या बाजारात प्रथमच गेलेल्या मुलासाठी तो होता.

आपण सहज म्हणतो, “हे तर सगळ्यांनाच ठाऊक असते.” या ‘सगळ्यां’मध्ये आपल्यासारखे जाणते असतात, नवखा त्यात नसतो. प्रत्येक ‘सर्वांना माहीत असलेल्या’ खोट्याची किंमत ज्याला ते माहीत नाही तोच चुकवतो, आणि तो बहुधा सर्वांत लहान किंवा सर्वांत भोळा असतो.

जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी १७९७ साली एका निबंधात असे मांडले की, खुन्याने दारात येऊन आपल्या मित्राचा ठावठिकाणा विचारला तरी खोटे बोलू नये. हे आपल्यापैकी बहुतेकांना कठोर वाटेल, आम्हालाही वाटते. परंतु आपली अडचण क्वचितच इतकी मोठी असते. दारात खुनी उभा नसतो, गिऱ्हाईक उभे असते. आपल्याकडे अशा वेळी ‘नरो वा कुंजरो वा’ची आठवण होते. धर्मराजाने एकच अर्धे वाक्य हळू उच्चारले, आणि जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. जमिनीवर तर सर्वांचेच रथ चालतात. पण त्याचा वेगळेपणा त्या क्षणी संपला.

कोणी म्हणेल, पोरांच्या खेळण्यावर एवढा विचार कशाला? कारण कव्हर आणि आतला माल यांचे नाते आपल्या शेतकऱ्यांइतके कोणाला कळत नाही. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून राज्यभरातून हजारो तक्रारी झाल्या. सगळाच दोष लबाडीचा नव्हता. आदल्या वर्षीच्या अवकाळी पावसात बियाण्याचे पीकच भिजले होते. परंतु पिशवीवर किमान ७० टक्के उगवण वाचून ज्याने पेरले, त्याचा पाऊस, पैसा आणि हंगाम गेला. कॅसेटवरच्या आकड्याला आपण हसतो आणि पिशवीवरच्या आकड्याने रडतो. दोन्हींत हानीचे अंतर फार मोठे आहे, हे खरे. पण दोन्ही ठिकाणी वाचणाऱ्याने एकच गोष्ट केली : छापलेल्यावर विश्वास ठेवला. आकडा म्हणजे नुसती सजावट, ही सवय लहानपणी गमतीत लागते. पुढे तीच सवय दुधाच्या मापात, मजुरीच्या हिशेबात आणि शिकवणी वर्गाच्या ‘१०० टक्के निकाला’त दिसते.

या प्रकरणात आम्हाला सर्वांत जास्त वाईट वाटते ते आणखी एका गोष्टीचे. हे खोटे गरजेचेच नव्हते! आतले ते पाच-सहा खेळ उत्तम होते. पोरांनी तेच वर्षानुवर्षे खेळले, भावंडे त्यावरून भांडली आणि त्यावरच एक झाली. तो आनंद शंभर टक्के खरा होता. ज्याने ‘नव्व्याण्णव लाख’ छापले, त्याचाच त्या सहांवर विश्वास नव्हता. नोव्हेंबर २०१६ मध्ये निन्टेन्डोने त्याच जुन्या यंत्राची लहान आवृत्ती काढली. तिच्यात खेळ होते फक्त ३०, आणि सांगितलेही ३०च. तरी दुकानांत ती पुरेना. काही महिन्यांत २० लाखांहून अधिक विकली गेली.

खोट्याचे हे नुकसान सहसा कोणी मोजत नाही. ते समोरच्याला फसवते, आणि आपल्या हातात जे चांगले आहे त्याला कमी लेखायलाही आपल्याला शिकवते. स्थळ बघताना पगार वाढवून सांगणारा मुलाच्या कष्टाळूपणाला कमी लेखतो. गुण वाढवून सांगणारी आई लेकराने खरोखर मिळवलेल्या साठ टक्क्यांना कमी लेखते. ते लेकरू जवळच उभे राहून ऐकत असते.

तेव्हा या आठवड्यात एवढेच करून पाहू या. वजन, वय, भाव, गुण, कोणताही आकडा सांगण्यापूर्वी क्षणभर थांबावे. तो आकडा प्रथमच ऐकणारा, आपल्यावर विश्वास ठेवणारा माणूस डोळ्यांपुढे आणावा. आणि आपल्याजवळ सहा असतील, तर मोकळेपणाने सहा म्हणावे.