क्रोधाला जागा

'द क्रो' हा अमेरिकन चित्रपट १९९४ साली प्रदर्शित झाला. गुंड एरिक व त्याची वाग्दत्त वधू शेली यांचा खून करतात. वर्षभराने एक कावळा एरिकला कबरेतून उठवतो आणि तो एकेका मारेकऱ्याचा सूड घेतो. नायक ब्रँडन ली चित्रीकरणातील बंदुकीच्या अपघाताने ३१ मार्च १९९३ रोजी, अवघ्या २८ व्या वर्षी मरण पावला. ही काळोखी कथा २०२४ मध्ये नव्या चित्रपटाच्या रूपात पुन्हा पडद्यावर आली.

ती मनाला का ओढते? निरपराध्याच्या रक्ताचा न्याय व्हावा, ही तहान खरी आहे. हाबेलाचे रक्तही देवाकडे ओरडले. ती तहान पाप नव्हे. परंतु सूडाने ती भागत नाही. मूळ चित्रकथेचा कर्ता जेम्स ओबार याची वाग्दत्त वधू १९७८ साली मद्यपी वाहनचालकामुळे मृत्यू पावली. सूडाची पाने रेखाटून मन निवले नाही, असे त्यानेच पुढे सांगितले.

रोमकरांस पत्र १२:१९ मध्ये पौल क्रोधाला जागा देण्यास सांगतो. मूळ ग्रीकात तेथे 'देवाच्या' हा शब्द नाही. संदर्भ पाहून भाषांतरकार तो घालतात. भाव असा, की आपण न्यायासनावरून उठावे व ते देवासाठी मोकळे करावे.

एरिक उठला तो मारण्यासाठी. ख्रिस्त उठला, आणि आपल्याला सोडून पळालेल्यांना त्याने शांती दिली. तुमच्या अंतःकरणात कोणाचा हिशेब अजून उघडा आहे? तो त्या जखमी हातांत सोपवा. तेथे एकही अश्रू विसरला जात नाही.