सोय आणि सवय

साधन हाती असणे आणि ते साधन वापरणे या दोहोंत किती अंतर असते, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या अभ्यासकांपुढे फार प्राचीन काळापासून उभा आहे. ॲरिस्टॉटलने शक्ती आणि कृती यांत स्पष्ट भेद केला. ऑलिम्पिकमध्ये विजयाचा मुकुट सर्वांत देखण्या वा सर्वांत बलवान पुरुषाला मिळत नाही, तर जे स्पर्धेत प्रत्यक्ष उतरतात त्यांच्यापैकीच कुणाला तरी मिळतो, असे त्याने आपल्या नीतिविषयक ग्रंथात दाखवून दिले आहे. हा भेद समजून घेण्यासाठी आम्ही आज एका मोटारीचा आधार घेत आहोत. वाचकांना ते काहीसे विचित्र वाटेल. परंतु या जुन्या प्रश्नाचे इतके बोलके उदाहरण आम्हांला अलीकडे दुसरे आढळले नाही.

प्लग-इन हायब्रिड या नावाने ओळखली जाणारी ही मोटार आपल्या देशात अद्याप विरळ आणि महाग आहे. युरोपात मात्र ती सर्रास दिसते, आणि तेथे स्थायिक झालेल्या आपल्या काही कुटुंबांच्या दारातही ती आली आहे. आपल्याकडे हायब्रिड म्हणून ज्या मोटारी बहुतांशी खपतात, त्यांची लहानशी बॅटरी इंजिनावर आणि ब्रेक लावताना मिळणाऱ्या ऊर्जेवर आपोआप भरत असते. प्लग-इन हायब्रिडची बॅटरी त्याहून पुष्कळ मोठी असते आणि ती घरातील विजेवर भरावी अशी अपेक्षा असते. समजा, बॅटरीत बारा युनिट वीज मावते. २३० व्होल्टच्या साध्या सॉकेटमधून १० अँपिअरचा प्रवाह घेतला तर ताशी सुमारे २.३ युनिट वीज मिळते. थोडी वाया जाते, ती धरून सहा तासांत बॅटरी भरते. एवढ्या विजेवर सौम्य हवामानात पन्नास-साठ किलोमीटर जाता येते. कडाक्याच्या थंडीत हे अंतर बरेच घटते. वीज संपली की पेट्रोलचे इंजिन सुरू होते आणि प्रवास अखंड चालू राहतो.

नव्या मालकाच्या दिनक्रमात एका लहानशा कृतीची भर पडते. संध्याकाळी घरी परतल्यावर वायर काढायची, गाडीला जोडायची आणि सकाळी पुन्हा गुंडाळून ठेवायची. काम दोन मिनिटांचे. पण पाऊस कोसळत असतो, हात गारठलेले असतात, लेकरे भुकेली असतात. ‘आजचा दिवस राहू द्या’ असे मन म्हणते. येथेच या यंत्राचे वेगळेपण लक्षात येते. केवळ विजेवर चालणारी मोटार भरायला विसरलात तर सकाळी ती तुम्हांला कामावर पोहोचवत नाही. पेट्रोलच्या मोटारीत इंधन भरायला विसरलात तर ती वाटेत उभी राहते. दोन्हींत विसरण्याची शिक्षा ताबडतोब मिळते. प्लग-इन हायब्रिडमध्ये मात्र विसरण्याला शिक्षाच नाही. सकाळी गाडी निमूटपणे सुरू होते आणि शेजाऱ्याला काही कळत नाही. चुकले तरी काहीच बिघडत नाही, अशा ठिकाणी माणूस कसा वागतो? नीतीचा खरा प्रश्न तेथूनच सुरू होतो.

या प्रश्नाचे उत्तर आता कल्पनेवर सोपवण्याचे कारण उरलेले नाही. २०२१ पासून युरोपीय संघात प्रत्येक नव्या मोटारीत इंधनाच्या वापराची नोंद ठेवणारी यंत्रणा सक्तीची आहे. त्या नोंदींवर आधारलेला अहवाल युरोपियन कमिशनने २०२४ साली प्रसिद्ध केला. पेट्रोल आणि डिझेलच्या मोटारी कागदोपत्री आकड्यांपेक्षा सुमारे २० टक्के अधिक कार्बन डायऑक्साइड सोडतात असे त्यात आढळले; प्लग-इन हायब्रिडच्या बाबतीत हे प्रमाण सुमारे साडेतीन पट निघाले. कारण उघड आहे. मालक गाडी नियमित चार्ज करील आणि बहुतेक अंतर विजेवर कापील, असे कागदावरील हिशेबात गृहीत धरले होते. २०२५ पासून नव्या मॉडेलांसाठी हे गृहीतक अधिक कठोर करण्यात आले आहे.

म्हणून आपण त्या मालकांना ढोंगी ठरवावे काय? आमच्या मते असा निवाडा घाईचा होईल. इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन आणि जर्मनीतील फ्राउनहोफर संस्था यांनी २०२२ साली केलेल्या अभ्यासात असे दिसले की, खाजगी मालक ४५ ते ४९ टक्के अंतर विजेवर कापतात, तर कंपनीने दिलेल्या गाड्यांत हे प्रमाण अवघे ११ ते १५ टक्के आहे. माणसे दोन्हीकडे सारखीच. मग हा फरक का? कंपनीच्या गाडीचे पेट्रोल बहुधा कंपनी भरते आणि घरच्या विजेचे बिल मात्र कर्मचाऱ्याच्या खिशातून जाते. शिवाय अनेक देशांनी करसवलत दिली ती गाडी विकत घेण्यावर, चार्ज करण्यावर नव्हे. नेदरलँड्समध्ये २०१३ च्या सुमारास अशा सवलतींमुळे या गाड्यांची विक्री झपाट्याने वाढली. ब्रिटनने २०१८ साली प्लग-इन हायब्रिडच्या खरेदीवरील अनुदान बंद केले. जो भाड्याच्या घरात तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि ज्याची गाडी रात्री रस्त्यावर उभी असते, त्याने वायर कोठे जोडावी? जेथे करणे शक्यच नाही तेथे न करण्याचा दोष लागत नाही. दोष वाटायचाच असेल तर ज्यांनी नियम आखले त्यांच्या वाट्यालाही तो आला पाहिजे. सद्गुणाची किंमत आधीच चुकती केली आणि तो प्रत्यक्ष आचरला जातो की नाही हे पाहिलेच नाही, तर परिणाम याहून वेगळा कसा होणार?

तरीही ज्याच्या घराला अंगण आहे, भिंतीला सॉकेट आहे आणि तरी ज्याची वायर डिकीत तशीच पडून आहे, त्याचा प्रश्न उरतोच. त्याचे नुकसान दुहेरी आहे. रिकामी बॅटरी म्हणजे केवळ ओझे. ते वाहून नेण्यासाठी इंजिनाला अधिक पेट्रोल जाळावे लागते. दुसरे नुकसान अधिक सूक्ष्म आहे. चांगले साधन विकत घेतल्याने चांगले काम केल्याचे समाधान मिळते, आणि त्या समाधानात कामाची निकडच विरून जाते. घरात ग्रंथ रचून ठेवले की विद्या आली असे वाटणे, त्यातलाच हा प्रकार. ‘कळते पण वळत नाही’ असे आपण म्हणतो. येथे तर वळण्याचा खर्चही करून झालेला असतो. प्रत्यक्ष वळणे तेवढे राहून जाते.

२०१० साली अमेरिकेत विक्रीस आलेल्या शेव्हरोले व्होल्ट या गाडीतील एक योजना येथे विचार करण्याजोगी आहे. मालक नेहमी विजेवरच गाडी चालवत राहिला तर पेट्रोलचे इंजिन निकामी होऊ नये, म्हणून सुमारे सहा आठवडे ते बंद राहिल्यास गाडी ते थोडा वेळ चालवून घेते. न वापरलेली शक्ती क्षीण होते, हे अभियंत्यांनी जाणले होते. परंतु संध्याकाळी वायर जोडण्याची आठवण मालकाच्या अंगी मुरवणारी योजना कोणताही अभियंता गाडीत बसवू शकत नाही. सेमिनरीत संत थॉमस अक्वायनस शिकताना आम्ही वाचले होते की, सद्गुण ही पुनःपुन्हा केलेल्या कृतींतून मुरलेली वृत्ती आहे. ती यंत्राबरोबर विकत मिळत नाही.

काही विचारवंत या मोटारीला दोन डगरींवर हात ठेवणारी म्हणून नाके मुरडतात. आम्हांला ते पटत नाही. ज्याचे रोजचे जाणे-येणे चाळीस किलोमीटरचे आहे आणि ज्याला महिन्यातून एकदा दूरच्या आईवडिलांकडे जायचे आहे, त्याने रोजचा प्रवास विजेवर आणि लांबचा पेट्रोलवर केला, तर त्याला अर्धवट का म्हणावे? आपली मर्यादा ओळखून केलेले अपुरे चांगले काम हेही चांगलेच काम असते. दुसरे इंजिन अडीअडचणीसाठी आहे. ते नित्याचे झाले म्हणजे मात्र आधाराची पळवाट होते.

तेव्हा अशी मोटार घेऊ पाहणाऱ्याने किंमत आणि सवलत विचारण्याआधी घरच्यांशी दोन गोष्टी बोलून घ्याव्यात: वायर कोठे जोडायची आणि ती रोज कोण जोडणार. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एखाद्या व्यक्तीच्या नावाने मिळाले, तर गाडी खुशाल घ्यावी. ‘बघू, जमेल तसे’ असे उत्तर आले, तर साधी, लहान, कमी पेट्रोल पिणारी गाडी अधिक प्रामाणिक ठरेल. सोय पैशाने येते. सवय मात्र रोज संध्याकाळी, कुणी पाहत नसताना, स्वतःच्या हातांनी लावून घ्यावी लागते.