चित्रातील हिंसा आणि आपली साक्ष

चित्रकथा आणि कार्टूनपट यांतील मारामारी पाहून मुले हिंसक होतात काय? पालकांच्या सभेत हा प्रश्न निघाला की बहुधा त्याचे उत्तर आधीच ठरलेले असते. परंतु जे उत्तर आपणांस हवेच असते, त्याचा पुरावा आपण किती प्रामाणिकपणे तपासतो?

या संदर्भात अमेरिकेतील एक प्रकरण विचारात घेण्याजोगे आहे. डॉ. फ्रेडरिक वर्थम हे न्यूयॉर्कमधील नामवंत मानसोपचारतज्ज्ञ. १९४६ साली त्यांनी हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत, एका चर्चच्या इमारतीच्या तळघरात, गोरगरिबांसाठी नाममात्र शुल्काचा दवाखाना उघडला. शाळांतील वर्णभेदाविरुद्ध त्यांनी न्यायालयात साक्षही दिली. त्यांच्या करुणेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. उपचारांसाठी येणारी मुले गुन्हेगारीच्या व भयाच्या चित्रकथा वाचतात हे पाहून ते अस्वस्थ झाले. १९५४ साली त्यांचा ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ हा ग्रंथ आला आणि त्याच वर्षी सिनेटच्या उपसमितीपुढे त्यांनी साक्ष दिली. धास्तावलेल्या प्रकाशकांनी स्वतःवर ‘कॉमिक्स कोड’ लादून घेतला; तो क्षीण होत होत २०११ साली संपला. लोकक्षोभ तर त्याआधीच पेटला होता. १९४८ साली बिंगहॅम्टन या गावी कॅथलिक शाळेतील विद्यार्थ्यांनी कॉमिक्सची होळी केली होती.

वर्थम यांची खाजगी कागदपत्रे २०१० साली अभ्यासकांना खुली झाली. प्राध्यापिका कॅरल टिली यांनी ती ग्रंथाशी ताडून पाहिली आणि २०१२ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मुलांची विधाने ठिकठिकाणी बदललेली होती; कुणाच्या घरातील मारझोड, कुणाचा टोळीशी असलेला संबंध गाळलेला होता. उरला होता फक्त कॉमिक्सचा दोष.

म्हणून चित्रे निरुपद्रवी ठरतात, असे मात्र नव्हे. अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ व १९६३ साली केलेल्या प्रयोगांत मोठ्यांना बाहुल्यास ठोसे मारताना पाहून लहान मुलांनी तसेच केले. १९६३ च्या प्रयोगात चित्रपट व कार्टूनच्या रूपात पाहूनही केले. मूल अनुकरण करते, हे निर्विवाद. परंतु मार खाण्यासाठीच बनवलेल्या बाहुल्यास ठोसा मारणे आणि शेजाऱ्यावर चाकू उगारणे यांत मोठे अंतर आहे. ते अंतर या प्रयोगांनी ओलांडलेले नाही. हिंसक व्हिडिओ गेम्सबाबत अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनेही २०२० साली असाच विवेक सांगितला: आक्रमक वर्तनाशी त्यांचा अल्प संबंध दिसतो, पण प्रत्यक्ष हिंसाचाराचे खापर त्यांवर फोडणे शास्त्राला धरून नाही.

वर्थम यांचा हेतू चांगला होता, म्हणून त्यांची साक्ष क्षम्य मानावी काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्या साक्षीने चित्रकारांचा रोजगार बुडाला, हे नुकसान उघड आहे. त्याहून मोठे नुकसान त्या मुलांचे झाले. आपल्याला घरी मारतात, असे ज्या मुलाने सांगितले, त्याचे म्हणणे जगापर्यंत पोहोचलेच नाही. ज्यांच्या रक्षणासाठी ग्रंथ लिहिला, त्यांचाच शब्द त्यात दडपला गेला.

मुलांच्या हाती काय द्यावे आणि काय देऊ नये, हे पाहणे आईवडिलांचे कर्तव्यच आहे; त्यासाठी शास्त्रीय सिद्धतेची वाट पाहण्याची गरज नाही. पण एखादे मूल हात उगारते तेव्हा त्याच्या दप्तरातील पुस्तक तपासण्यापूर्वी त्याला जवळ बसवून विचारावे, आणि ते जे सांगेल ते, आपल्याला अडचणीचे असले तरी, पूर्ण ऐकून घ्यावे.