वार्धक्य आणि बळ

लातुरास आगगाडीनें पाणी आलें, त्या गोष्टीस आतां बरींच वर्षें होऊन गेलीं. १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून निघालेली ‘जलदूत’ गाडी आपल्या दहा वाघिणींतून सुमारें पांच लक्ष लिटर पाणी घेऊन येथें पोंचली, आणि देशभर तिचें वर्णन छापून आलें. आम्हांस त्या उन्हाळ्यांतील जो प्रसंग आठवतो तो अगदींच घरगुती आहे. गल्लींत टँकर आला होता आणि घरीं आमच्यावांचून दुसरें कोणी नव्हतें. आम्हीं घागर भरली. पंधरा लिटर पाणी म्हणजे पंधरा किलोंचा भार, हें गणित आम्हांस ठाऊक होतें. ठाऊक नव्हतें तें आमच्या दंडांचें व मांड्यांचें. जिन्याच्या सातव्या पायरीवर हातांस कंप सुटला, श्वास कोंडला, आणि ज्या दिवसांत थेंब सांडणें हें पाप होतें त्या दिवसांत अर्धी घागर जिन्यावरून वाहून गेली. शेजारीं धुणींभांडीं करणाऱ्या मावशी खालून पाहत होत्या. त्या साठीच्या घरांत, आम्ही अद्याप पन्नाशीच्या अलीकडे. “सर, सोडा तुम्ही,” एवढेंच म्हणून त्यांनीं घागर आमच्या हातांतून घेतली, पुन्हा भरली, कमरेवर ठेवली आणि वर नेऊन दिली. आम्हीं त्यांस चहा विचारला. त्यांस अजून तीन घरें होतीं.

उताराला लागलेल्या माणसानें अंगांत बळ आणण्याचा उद्योग करावा काय, हा प्रश्न तेव्हांपासून आमच्या मनांत आहे. हा प्रश्न वैद्यकाचा म्हणावा, तर वैद्यकानें आपल्यापुरतें उत्तर केव्हांच देऊन टाकलें आहे. वयाबरोबर स्नायू झडतात. या झिजेस १९८९ सालीं आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञानें ‘सार्कोपेनिया’ असें नांव सुचविलें. त्यांतील ग्रीक शब्दांचा अर्थ पाहिला तर ‘मांसाचें दारिद्र्य’ असें त्याचें भाषांतर करतां येईल. पुढच्याच वर्षीं मरिया फियातारोने व त्यांचे सहकारी यांनीं बोस्टन येथील वृद्धांच्या रुग्णालयांतील एक प्रयोग प्रसिद्ध केला. नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त माणसांस आठ आठवडे मांड्यांनीं वजन उचलण्यास लावलें, आणि वजन नांवापुरतें नव्हे, चांगलें भारी. मांड्यांचें बळ सरासरीनें पावणेतीनपट झालें. दोघांनीं काठी टाकली. सराव थांबवितांच चार आठवड्यांत त्या बळास मोठी ओहोटी लागली, हेंही त्यांनीं नमूद केलें आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनांत आठवड्यांतून दोन किंवा अधिक दिवस स्नायूंचे व्यायाम करण्यास प्रौढांबरोबर वृद्धांसही सांगितलें आहे. तेव्हां बळ येतें किंवा नाहीं, हा वाद उरलेला नाहीं. उरतो तो उचितानुचिताचा.

आमच्याकडे बळ ही तारुण्याची वस्तु मानतात. रामलिंग मुदगडच्या हरिश्चंद्र बिराजदारांनीं १९७० सालीं एडिंबरो येथील राष्ट्रकुल सामन्यांत कुस्तीचें सुवर्णपदक मिळविलें, याचा अभिमान या जिल्ह्यांतील घराघरांत आहे. पण त्याच घरांतील सेवानिवृत्त गृहस्थ पहाटे बैठका काढूं लागला, तर सुना पदराआड हंसतात आणि शेजारी त्यास म्हातारचळ म्हणतात. फिरावयास जाणें शिष्टसंमत आहे, कारण त्यांत गप्पा मारतां येतात. या हंसण्यामागें एक जुना विचारही आहे. सिसेरोच्या वार्धक्यावरील ग्रंथांत कॅटो मायलो नामक मल्लाची थट्टा करतो. आखाड्यांतील तरुणांकडे पाहून आपले दंड आतां मेले म्हणून हा म्हातारा मल्ल रडला. त्याचें सारें मोल दंडांतच होतें, असा कॅटोचा टोला. विवेक, वाणी, अधिकार हीं वृद्धाचीं खरीं साधनें. हें आम्हीं वर्गांत पुष्कळ वर्षें पसंतीनें शिकविलें. घागर सांडल्यावर मात्र एक गोष्ट ध्यानांत आली: कॅटोच्या घरीं पाणी भरण्यास गुलाम होते. बळाची उपेक्षा करणें ज्यास परवडतें, त्याच्यासाठीं तें बळ दुसरा कोणी खर्चीत असतो.

वानप्रस्थाचा दाखला देणाऱ्यांस आम्ही एवढेंच सुचवितों कीं, मनूनें सुरकुत्या व पिकलेले केस पाहून वनांत जाण्यास सांगितलें, तेथें कंदमुळांवर राहण्यास व जमिनीवर निजण्यासही सांगितलें आहे. आमच्यापैकीं कितीजणांस जमिनीवरून हात न टेकतां उठतां येईल? देहाची आसक्ति सोडावी हें खरें. पण देह दुसऱ्याच्या खांद्यावर टाकणें म्हणजे तो सोडणें नव्हे. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) यांनीं सूर्यनमस्काराचा पुरस्कार केला तो नित्यकर्म म्हणून. त्यांवरील त्यांचें इंग्रजी पुस्तक १९३८ सालीं निघालें तेव्हां ते सत्तरीस टेकले होते, आणि तें म्हातारचळ आहे असें कोणी म्हटल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

येथें आमच्या वडिलांविषयीं लिहिणें प्राप्त आहे. ते शाळामास्तर, जन्मभर खुर्ची, फळा आणि पुस्तक. शेवटच्या दोन वर्षांत त्यांस आजार असा नव्हता. प्रथम पाटावरून उठवेना, म्हणून जेवणाचें टेबल आणलें. मग खुर्चीवरूनही उठतांना हात द्यावा लागूं लागला. मग अंगणांत जाणें सुटलें, आणि घर त्यांच्यापुरतें एका खोलीएवढें झालें. त्यांची स्मृति तल्लख होती, मोरोपंतांच्या आर्या ते घडाघडा म्हणत. परंतु मनुष्य कोणाकडे जाईल, कोणास टाळील, केव्हां एकटा बसेल, हें त्याचें स्वातंत्र्य मांड्यांत असतें, आणि तें गेलें होतें. हांक मारण्यापूर्वीं ते दोनदां खांकरत. तें खांकरणें आम्हांस अजून ऐकूं येतें.

म्हणून ‘मुलांवर भार होऊं नये यासाठीं व्यायाम करा’ हा उपदेश आम्हांस अपुरा वाटतो, आणि थोडा क्रूरही. वडिलांचा आम्हांस भार झाला नाहीं. म्हातारपणीं सेवा घेणें हा दोष ठरला, तर बाळपणीं घेतलेली सेवाही दोषच ठरेल. आणि पक्षाघातानें अंथरुणास खिळलेल्या माणसास आपण कोणत्या तोंडानें दोष देणार? बळ कमवावें तें दुसऱ्याचा हात कधींच लागूं नये म्हणून नव्हे, तर आपलाही हात कोणाच्या उपयोगीं पडावा म्हणून. घागर घेणाराही कोणी असावा लागतो.

आम्ही आतां आठवड्यांतून तीन सकाळीं खुर्चीवरून हात न टेकतां वीस वेळां उठतों, भिंतीवर जोर काढतों, आणि तीच घागर, आरंभीं अर्धी व आतां भरलेली, अंगणांतून वर नेतों. मौज अशी कीं नळास पाणी असतांनाही नेतों, म्हणून शेजाऱ्यांस हंसण्यास निमित्त मिळालें आहे.

परंतु जिच्यामुळें हें आरंभिलें तिच्याविषयींचा प्रश्न सुटलेला नाहीं. मावशींचे गुडघे गेले. जिना चढतांना त्या एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकतात. जन्मभर भार वाहूनही त्यांस बळाची शाश्वति लाभली नाहीं, कारण कष्टास मात्रा नसते आणि विसावाही नसतो. व्यायामास दोन्ही असतात. भार केव्हां खालीं ठेवावयाचा हें आम्ही ठरवितों. त्यांच्यासाठीं तें नेहमीं दुसऱ्यांनींच ठरविलें. डॉक्टरांनीं त्यांस मांड्यांचा व्यायाम सांगितला आहे, आणि तो योग्यच आहे. आम्हीं एकदां खुर्ची पुढें ओढून तो करून दाखविला. त्या पदर तोंडाला लावून हंसल्या. “सर, दिवसभर अजून काय करते मी?” म्हणाल्या, आणि पिशवी उचलूं लागल्या. त्या दिवशीं ती पिशवी आम्हीं कोपऱ्यापर्यंत नेली. कोपऱ्यावर त्यांनीं ती परत मागून घेतली.